रजेचा हिशेब पहिल्या दिवसापासून

कारखान्यात, बांधकामावर, बाजारातल्या हमालीत आजही कानावर पडणारा एक शब्द आहे : खाडा. कामावर न गेलेला दिवस म्हणजे खाडा. त्या दिवसाची मजुरी जाते, आणि खाडे वाढले तर काम जाण्याचीही धास्ती असते. याच्या शेजारी दुसरा शब्द ठेवून पाहावा, रजा. रजेच्या दिवशीही माणूस कामावर नसतोच. पण त्याचा पगार चालू राहतो आणि परत आल्यावर त्याची जागा त्याचीच असते. हजेरीपटावर दोन्ही दिवसांना सारखाच इवलासा चौकोन. एकात ‘ए’ लिहिलेले असते, दुसऱ्यात ‘पीएल’. या दोन खुणांमधले अंतर तोडायला इथल्या कामगारांच्या दोन-तीन पिढ्या गेल्या. नोकरीला नव्याने लागणाऱ्या माणसाला मात्र ते पुन्हा पहिल्यापासून तोडावे लागते, कारण त्याला कोणी काही सांगत नाही.

माझी पहिली नोकरी १९९४च्या जूनमध्ये लागली, एका कारखान्यात. दिवाळीच्या थोडे आधी गावाकडे आजी गेली. चार दिवसांनी परत आलो, तर महिन्याच्या पगारातून चार दिवस कापलेले. खिडकीशी जाऊन विचारले. आतल्या गृहस्थांनी मान वर न करता सांगितले, “नव्या माणसाला रजा नसते.” मी ते खरे मानून मागे फिरलो. पुढच्या मार्चअखेर ती नोकरी सोडली, तेव्हा त्या महिन्याचा पगार आणि अनुभवाचा दाखला एवढेच हातात आले. आणखी काही मिळायला हवे होते हे मला माहीतच नव्हते.

पुढे दुसऱ्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात लागलो आणि तेवीस वर्षे तशाच खिडकीच्या आतल्या बाजूला काढली. कायद्याचे पुस्तक टेबलावर आले, तेव्हा एकदा जेवणाच्या सुट्टीत मी माझाच जुना हिशेब मांडून पाहिला. जून ते डिसेंबर भरलेले दिवस सुमारे १७५. वीस दिवसांना एक या दराने पावणेनऊ, म्हणजे नऊ. कारण अर्धा किंवा अर्ध्याहून जास्त दिवस उरला तर तो पूर्ण धरायचा असे कायदाच सांगत होता. जानेवारी ते मार्च ७२ दिवस, त्यांचे चार. तेरा दिवसांचा पगार मी त्या फाटकाच्या आत ठेवून आलो होतो.

त्या गृहस्थांचे वाक्य पूर्ण खोटे नव्हते. १९४८च्या कारखाने अधिनियमाप्रमाणे एका वर्षी काम करून कमावलेली वार्षिक रजा पुढच्या वर्षी वापरायची असे. त्यामुळे आजी गेली तेव्हा मला पगारी रजा मिळाली नाही, यात कायद्याचा भंग झाला नसेलही. पण रजा वापरता येणे वेगळे आणि रजा साठत राहणे वेगळे. साठण्याची सुरुवात कामाच्या पहिल्या दिवसापासून होते, आणि मधेच नोकरी सुटली तर तोवर साठलेल्या दिवसांचे पैसे हातात द्यावे लागतात. हे अर्धे त्यांनी सांगितले नाही, कदाचित त्यांनाही कोणी सांगितले नसेल. हे पुस्तक त्या एका वाक्याला उत्तर म्हणून लिहिले आहे.

आपल्या भाषेतच या विषयाची गाठ बसलेली आहे. ‘रजा’ हा शब्द अरबीतून फारसीत आणि तिथून मराठीत आला. त्याचा मूळ अर्थ संमती, मर्जी. दरबारातून निघताना ‘रजा घेत’, ती धन्याची परवानगी असे. आज आपण ‘रजा मंजूर झाली’, ‘साहेबांनी रजा दिली’ असेच बोलतो. कायद्याच्या मराठीत मात्र ‘अर्जित रजा’ असा जोडशब्द आहे. अर्जित म्हणजे कमावलेली. मर्जी आणि कमाई एकाच नावात शेजारी-शेजारी बसली आहेत, आणि रजेचा बहुतेक सगळा इतिहास या दोघींच्या ओढाताणीचा आहे. रजेचा अर्ज लिहिताना आपण ‘कृपया’, ‘नम्र विनंती’ असे शब्द वापरतो. ते सभ्यतेचे शब्द आहेत आणि राहावेतच. फक्त अर्ज कधी जायचे हे ठरवण्यासाठी असतो. किती दिवस जमा आहेत ते आधीच ठरलेले असते. हे नव्या माणसाला कळले तर त्याचा आवाज तेवढा तरी थरथरत नाही.

या इतिहासाचा पहिला मोठा प्रसंग मुंबईतला आहे. १८८१ साली हिंदुस्थानात पहिला कारखाना कायदा झाला. त्याने महिन्याला चार सुट्ट्या दिल्या त्या फक्त कोवळ्या मुलांना. मोठ्या माणसांच्या विश्रांतीबद्दल तो गप्प होता. महात्मा फुल्यांचे सहकारी आणि ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली गिरणी कामगारांची संघटना उभी केली आणि रविवारच्या सुट्टीची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या रेसकोर्सच्या मैदानावर हजारो गिरणी कामगार जमले. त्या सभेत दोन कामगार स्त्रियाही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्या वर्षीच्या कायद्यात आठवड्याच्या सुट्टीला जागा मिळाली. आज मोबाइलवर ‘वीकेंड’ची आखणी करणाऱ्या प्रत्येकाने लोखंडे हे नाव लक्षात ठेवावे, असे मला मनापासून वाटते.

पण त्या रविवारची मजुरी देण्याचे बंधन कोणावर नव्हते. विश्रांती मिळाली; तिचा भार कामगाराच्या खिशावर राहिला. गिरणगावातला माणूस कोकणातून, घाटावरून आलेला. भातलावणी, शिमगा, गणपती, घरातले लग्न किंवा मर्तिक, यांपैकी काही आले की त्याला गावी जावेच लागे. तो गेला की त्याच्या मागावर ‘बदली’ उभा राही. बदली कामगार रोज सकाळी गिरणीच्या फाटकाशी येऊन थांबत आणि कोणाचा खाडा झाला तर त्यांना त्या दिवसाचे काम मिळे. म्हणजे एकाची रजा ही दुसऱ्याची रोजी होती, आणि गावाहून परतणाऱ्याला आपला माग आपल्याला मिळेल याची खात्री नव्हती. १९२९ ते १९३१ या काळात काम केलेल्या शाही श्रम आयोगाने, व्हिटली आयोग या नावाने तो ओळखला जातो, कामगाराचे गावाशी असलेले नाते तोडू पाहण्यापेक्षा त्याला ठरावीक मुदतीची रजा देऊन परत कामावर घ्यावे, अशा अर्थाचा सल्ला दिला. बदलीचा प्रश्न मात्र चिघळतच राहिला. १९८२च्या गिरणी संपातही बदली कामगारांना कायम करण्याची मागणी होती.

पगारी वार्षिक रजा कायद्यात आली ती दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस. १९४२ ते १९४६ या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री होते. कारखाना कायद्यात पगारी सुट्टीची तरतूद करणारे विधेयक त्यांनी मांडले आणि ते १९४५ साली कायदा झाले : बारा महिने सलग नोकरी केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची पगारी सुट्टी. दहा दिवस ही संख्या आज लहान वाटते. पण मजुरी देऊन माणसाला घरी पाठवायचे हे तत्त्व आधी मान्य व्हावे लागते, संख्या पुढे वाढते. तीन वर्षांनी आलेल्या १९४८च्या कारखाने अधिनियमाने वर्षाची ठोकळ दहा दिवसांची पद्धत सोडून कामाच्या दिवसांशी रजा बांधली. प्रत्येक वीस दिवसांना एक दिवस रजा; वर्षात २४० दिवस भरण्याची अट त्यात १९५४च्या दुरुस्तीने आली. याच कायद्यात मला फार मोलाचे वाटणारे एक छोटे कलम होते. चार किंवा अधिक दिवसांची रजा मंजूर झाली, तर त्या दिवसांचा पगार माणूस निघण्याआधीच द्यायचा. ज्याला गावी जायचे आहे त्याच्या खिशात भाड्याचे आणि घरी द्यायचे पैसे हवेत, हे ते कलम लिहिणाऱ्याला माहीत होते. माझ्या तेवीस वर्षांत हा हक्क मागायला खिडकीशी आलेली माणसे हाताच्या बोटांवर मोजता येतील.

रजेकडे पाहण्याच्या तीन दृष्टी आपल्याकडे आजही एकत्र नांदतात. पुस्तक वाचताना त्या ओळखता याव्यात म्हणून इथे त्यांच्यावर जरा थांबतो.

पहिली दृष्टी विश्रांतीची. शरीर थकते, मन विटते, म्हणून माणसाने वर्षातून काही दिवस कामापासून दूर गेले पाहिजे. या दृष्टीने पाहिले तर रजा विकणे चुकीचे. ती घेतलीच पाहिजे. दुसरी दृष्टी बक्षिसाची. जो नियमित येतो त्याला रजा. २४० दिवसांची अट हे या दृष्टीचे अपत्य आहे. हजेरी कमी भरली तर तुझे दिवस गेले, असे ती सांगते. आजारपण किंवा घरची अडचण असलेल्या माणसावर तिचा घाव सगळ्यात आधी बसतो. तिसरी दृष्टी राखून ठेवलेल्या मजुरीची. वीस दिवस काम केले तेव्हा एकविसाव्या दिवसाची मजुरीही कमावली; मालकाने ती फक्त सांभाळून ठेवली आहे. नोकरी सुटल्यावर शिल्लक रजेचे पैसे देण्याचा नियम याच विचारातून आला. झारखंड सरकारच्या एका प्रकरणात २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने निवृत्तिवेतन, उपदान आणि रजेचे पैसे कायद्याच्या आधाराशिवाय अडवून ठेवता येत नाहीत असे म्हटले, तेव्हा त्यामागेही हाच विचार होता : ही कर्मचाऱ्याची मालमत्ता आहे.

मी तिसऱ्या दृष्टीचा आहे, आणि ते पुस्तकात जागोजागी दिसेल. तरी तिच्यातला धोका मी खिडकीतून पाहिला आहे. पैसे मिळतात म्हणून वर्षानुवर्षे रजा न घेणारी, शाळेच्या फीसाठी, घराच्या हप्त्यासाठी रजा विकणारी माणसे होती. त्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. पण पगारच अपुरा असतो तेव्हा विश्रांती पहिल्यांदा बाजारात जाते, हेही लिहून ठेवले पाहिजे.

आता नव्याने नोकरीला लागणाऱ्याने नकाशा कसा वाचावा ते सांगतो. पहिला प्रश्न असा, की मी कोणत्या छपराखाली आहे? ‘मला किती रजा?’ या प्रश्नाला सगळ्यांसाठी एकच उत्तर नाही. महाराष्ट्रातले दुकान, हॉटेल, खासगी कार्यालय किंवा आयटी कंपनी असेल तर २०१७चा दुकाने व आस्थापना अधिनियम पाहावा लागतो. तो १९४८च्या जुन्या मुंबई कायद्याच्या जागी आला आणि मूळ रूपात दहा किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनांसाठी होता. २०२५च्या सप्टेंबरमध्ये ही संख्या वीसवर नेण्याला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. नव्या माणसासाठी या कायद्यातली सर्वांत उपयोगी गोष्ट म्हणजे आठ दिवसांची नैमित्तिक रजा. बोलीत आपण तिला किरकोळ रजा किंवा सीएल म्हणतो. ती दर तिमाहीला खात्यात जमा होते, म्हणजे तीन महिन्यांना दोन दिवस, आणि तिला २४० दिवसांची अट नाही. वर्षअखेर उरलेली मात्र बुडते. शिवाय आठ सणांच्या पगारी सुट्ट्या : २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि मालक-कामगारांनी मिळून ठरवलेल्या आणखी चार. अर्जित रजा २४० दिवस भरल्यावर वीसला एक, आणि ती ४५ दिवसांपर्यंत साठवता येते.

सरकारी नोकरीचे छप्पर वेगळे. तिथे रजा आधी जमा होते. राज्य सरकारी कर्मचाऱ्याच्या खात्यात १ जानेवारीला आणि १ जुलैला पंधरा-पंधरा दिवसांची अर्जित रजा मांडली जाते. मधेच रुजू झालेल्याला पूर्ण भरलेल्या महिन्यामागे अडीच दिवस. साठवण्याची मर्यादा ३०० दिवस. बँकांमध्ये द्विपक्षीय करारांनी अकरा दिवसांना एक असा दर ठरला. श्रमिक पत्रकारांना १९५५च्या कायद्याने हाच अकरावा हिस्सा दिला होता. माथाडी कामगारांचा मालक तर रोज बदलतो. १९६९च्या कायद्याने मंडळे नेमली आणि मजुरीवर बसवलेल्या लेव्हीतून पगारी रजेसारखे लाभ मंडळामार्फत मिळू लागले. एका मालकाकडे सलग नोकरी नसली तरी रजा साठू शकते, हे महाराष्ट्राने अर्धशतकापूर्वी करून दाखवले आहे. घरोघर अन्न पोचवणाऱ्या आणि ॲपवर गाडी चालवणाऱ्या मुलांना रजा कशी द्यायची असा प्रश्न आज पडतो, तेव्हा उत्तर शोधायला फार लांब जावे लागू नये.

कारखान्यांचे आणि इतर बऱ्याच आस्थापनांचे छप्पर नुकतेच बदलले आहे. हे पुस्तक आत्ताच लिहावेसे वाटले त्याचे मोठे कारण हेच. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्राच्या चारही कामगार संहिता लागू झाल्या. त्यांतल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहितेने १९४८च्या कारखाने अधिनियमाची जागा घेतली. तिच्या ३२व्या कलमात वार्षिक रजेचा नियम आहे. वीसला एक हा दर तोच राहिला, पण वर्षाची अट २४० दिवसांवरून १८० वर आली. आठवड्याला पाच दिवस काम करणाऱ्याचा हिशेब करून पाहा. ३६५ दिवसांतून १०४ शनिवार-रविवार आणि आठ सण वजा केले तर २५३ उरतात. आठ सीएल आणि सहा दिवसांचे आजारपण गेले की २३९. प्रत्यक्ष कामाचे दिवसच मोजले तर २४०ला एक दिवस कमी! अशा मोजणीवरून मी बरेच वाद पाहिले. १९८५ साली एका बँकेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रविवार आणि पगारी सुट्ट्या २४० दिवसांत धरल्या होत्या, पण तो निकाल कामगारकपातीच्या कायद्याखालचा होता. रजेच्या वादात तो निकाल अनेकजण आणत आणि मग गोंधळ वाढे. १८० दिवसांच्या अटीने ही अडचण बऱ्याच अंशी दूर व्हावी.

मधेच रुजू होणाऱ्याला तर या बदलाने मोठाच हात दिला. जुन्या कायद्यात वर्षाच्या उरलेल्या दिवसांपैकी दोन-तृतीयांश दिवस काम भरावे लागे. १ जुलैला लागलेल्याच्या पुढे वर्षाचे १८४ दिवस असतात. त्यातले १२३ भरले तर रजा. संहितेत हा हिस्सा एक-चतुर्थांश आहे, म्हणजे ४६ दिवस. तीस दिवसांपर्यंत रजा पुढच्या वर्षात नेता येते, वर्षअखेरीस ती रोखीत मागता येते, आणि मागूनही नाकारली गेलेली रजा मर्यादेशिवाय पुढे जाते. म्हणून अर्ज लेखी करावा आणि नकारही लेखी मागून घ्यावा. तोंडी नकाराची नोंद कुठेही राहत नाही.

याच कलमात आणखी एक ओळ आहे, जुन्या कायद्यातही ती होती : रजेच्या मधे किंवा तिच्या दोन्ही टोकांना येणाऱ्या सुट्ट्या रजेत धरायच्या नाहीत. अनेक ठिकाणी शनिवारी आणि सोमवारी रजा घेतली तर मधला रविवारही रजेतून कापतात. ‘सँडविच’ हे त्याचे रूढ नाव. नेमणूकपत्रासोबत आलेल्या धोरणात ते छापलेले असते आणि मुले सही करून मोकळी होतात. ज्याला ३२वे कलम लागू आहे त्याच्या वार्षिक रजेला ही कात्री लावता येत नाही.

नोकरी सोडणाऱ्याला, म्हणजेच दुसरीकडे नव्याने रुजू होणाऱ्याला, शिल्लक रजेचे पैसे दोन कामाच्या दिवसांत मिळाले पाहिजेत. प्रत्यक्षात ‘फुल अँड फायनल’साठी पंचेचाळीस दिवस थांबायला सांगतात आणि माणूस नव्या नोकरीच्या गडबडीत ते विसरून जातो. रजेच्या पैशांना मूळ पगार धरायचा की सगळे भत्ते, हाही नेहमीचा वाद. वेतन संहितेने वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर जास्तीचा भाग वेतनात मिळवायचा, असे ठरवले आहे. मूळ पगार नावापुरता ठेवून बाकी सगळे भत्त्यांत लिहिण्याची सवय त्यामुळे मोडावी लागेल.

पहिल्या वर्षात रजेच्या शेजारच्या दोन गोष्टींकडेही दुर्लक्ष होते. कर्मचारी राज्य विमा योजनेत नव्याने नाव लागले, तर आजारपणाची रोख भरपाई पहिले नऊ महिने मिळत नाही; कामावर अपघात झाला तर मात्र पहिल्या दिवसापासून संरक्षण आहे. आणि बाळंतपणाच्या पगारी रजेसाठी, जी २०१७पासून पहिल्या दोन अपत्यांना २६ आठवडे आहे, आधीच्या बारा महिन्यांत ८० दिवसांचे काम पुरते. गरोदरपणाच्या सुरुवातीला नोकरी बदललेल्या कितीतरी मुलींनी ‘तुला आत्ताच लागून काही मिळायचे नाही’ हे ऐकून घेतलेले मी पाहिले आहे. ऐंशी दिवस म्हणजे कामाचे तीन-सव्वातीन महिने. तेवढ्यासाठी कोणी हक्क सोडू नये.

या सगळ्या छपरांच्या बाहेर फार मोठा समाज उभा आहे. घरकाम करणाऱ्या बायकांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कल्याण मंडळाचा कायदा झाला, पण पगारी रजा त्यांना आजही घरमालकिणीच्या स्वभावाप्रमाणे मिळते. कंत्राटी कामगाराची अडचण निराळीच. तो त्याच मशीनवर आठ वर्षे असतो, पण मधे तीन कंत्राटदार बदलतात आणि दर वेळी त्याचे रुजू होणे नव्याने लिहिले जाते. आमच्याकडे एकजण होता, त्याच्या नावाची तीन लीव्ह कार्डे माझ्या कपाटात होती. तिन्हींवर शिल्लक शून्य. माणूस एकच, गेट एकच, आठ वर्षांत तो तीनदा ‘नवा’ झाला होता. या पुस्तकातला कंत्राटी कामगारांवरचा भाग सर्वांत लांबला आहे, तो त्या तीन कार्डांमुळे.

देशाबाहेर जाणाऱ्या मराठी मुलामुलींसाठीही थोडे लिहिले आहे. आखातात रत्नागिरी-रायगडची घरेच्या घरे आहेत. संयुक्त अरब अमिरातीत वर्ष भरल्यावर तीस दिवस आणि सहा महिन्यांनंतर महिन्याला दोन दिवस रजा साठते. ब्रिटनमध्ये वर्षाला ५.६ आठवडे, आणि तो हक्क पहिल्या दिवसापासून. तिथेही आधी तेरा आठवड्यांची अट होती. नाट्य-चित्रपट-दूरचित्रवाणीतल्या तंत्रज्ञांच्या संघटनेने तिला आव्हान दिले, कारण त्यांची कामे तेरा आठवडे टिकतच नसत, आणि २००१ साली युरोपीय न्यायालयाने ती अट रद्द ठरवली. अमेरिकेत खासगी नोकरीत पगारी वार्षिक रजा देण्याचे बंधन घालणारा देशव्यापी कायदाच नाही. तिथे कंपनीचे पत्र हेच सर्वस्व. आपल्याकडे व्यवस्थापकीय पदावर जाणाऱ्यांचीही हीच स्थिती होते, कारण कामगार कायद्यांच्या व्याख्येतून ते बाहेर पडतात. पद वाढले की कायद्याचे छप्पर सरकते, हे बढतीच्या आनंदात लक्षात येत नाही.

वकिलांसाठी ग्रंथ आहेत आणि ते चांगले आहेत. हे पुस्तक नेमणूकपत्र हातात घेऊन घरच्यांना पेढे देणाऱ्या माणसासाठी आहे. त्यात कलमे कमी आणि हिशेब जास्त आहेत : सोळा मार्चला लागलेला वेल्डर, गणपतीच्या आधी हॉटेल बदललेला आचारी, बाळंतपणाहून परतलेली परिचारिका, नोटीस पिरियडमध्ये रजा नाकारलेला प्रोग्रॅमर. नावे आणि ठिकाणे बदललेली आहेत, आकडे खऱ्या लीव्ह कार्डांवरचे आहेत. प्रत्येक हिशेबात रजा कधी साठली, कधी वापरता आली आणि कधी तिचे पैसे व्हायला हवे होते, हे तीन प्रश्न वेगळे मांडले आहेत. माझ्या अनुभवात बहुतेक फसगत हे तीन प्रश्न एकमेकांत मिसळल्याने होते. राज्याचे नियम यापुढेही बदलतील. म्हणून दर पाठ करण्यापेक्षा मोजायची रीत हाताला बसावी, असा प्रयत्न केला आहे.

कारखान्याने मला निवृत्तीच्या दिवशी माझे स्वतःचे लीव्ह कार्ड परत दिले. तेवीस वर्षांचे रकाने, तीन रंगांच्या शाईत. त्याच कार्डाच्या आखणीवरून या पुस्तकाच्या शेवटी बारा कोरी पाने जोडली आहेत. कामाचे दिवस, जमा रजा, घेतलेली रजा, नाकारलेली रजा, शिल्लक, असे रकाने त्यावर आहेत. महिनाअखेरीस पगाराची चिठ्ठी आली की पाच मिनिटांत भरून होतात. पहिल्या पानावर सगळ्यात वर एक ओळ रिकामी सोडली आहे, तिथे रुजू झाल्याची तारीख लिहायची.